पुढची पदवी आणि कर्जाची सही

 

एका गावात बचत गटाची बैठक संपली, सगळ्याजणी उठल्या, आणि एक ताई मागं थांबली. पदराच्या टोकाला गाठ मारत म्हणाली, "ताई, माझी पोरगी बीकॉम झाली. आता पुण्याला एमबीए करायचं म्हणते. चार लाख लागतील. बँकेतले म्हणतात कर्ज मिळेल, पण कागदावर तुमचीपण सही पाहिजे. पतसंस्थेत तिला बारा हजारांची नोकरी मिळतीय, ती घे म्हणावं की सही करावी? नाही म्हटलं तर पोरगी म्हणेल आईनं अडवलं. हो म्हटलं आणि फिटलं नाही, तर?"

हा प्रश्न आज घराघरात आहे. आपल्या पिढीत दहावी झालेली बाई गावात हाताच्या बोटांवर मोजावी लागायची. आता आपल्या मुली पदवीधर होतात आणि त्यापुढचं शिकायचं म्हणतात. ही आनंदाची गोष्ट आहे. म्हणून आज 'शिकवावं का' हा विषय नाहीच. विषय आहे, कर्ज काढून ही पुढची पदवी घ्यावी का, आणि ते ठरवायचं कसं. गटाचं कर्ज देताना आपण जे विचारतो तेच इथंही विचारायचं: पैसा कशाला लागणार, त्यातून काय येणार, आणि हप्ता कुठून भरणार?

पहिला प्रश्न: ही पदवी कोणतं दार उघडते?

काही दारं अशी आहेत की पुढच्या पदवीशिवाय उघडतच नाहीत. अकरावी-बारावीला शिकवायचं तर एमए किंवा एमएस्सी लागते आणि सोबत बीएड लागतं. कॉलेजात प्राध्यापक व्हायचं तर पदव्युत्तर पदवीला चांगले गुण हवेत आणि त्यावर नेट किंवा सेट ही परीक्षा पास व्हावी लागते. म्हणजे नुसतं एमए करून प्राध्यापक होता येत नाही. आणि नेट-सेट झालेली कितीतरी मुलं-मुली आज तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास शिकवलं तेवढ्याच पैशावर, काम करतात. सुट्टीच्या महिन्यात त्यांना काही मिळत नाही. हे मुलीला आधी माहीत असावं.

दुसरीकडं अशी बरीच दारं आहेत, जिथं साधी पदवी पुरते. एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. तलाठी भरतीला पदवी चालते. बँकेतल्या क्लार्कच्या आणि अधिकाऱ्याच्या परीक्षेलाही पदवीच लागते. मुलीच्या मनात यातलं काही असेल, तर कर्ज काढून केलेल्या एमएचा तिथं वेगळा उपयोग नाही. पुष्कळ मुली 'नोकरी लागेपर्यंत काहीतरी करायचं' म्हणून पुढं प्रवेश घेतात. घरचा पैसा असेल तर ते एक वेळ ठीक आहे, पण त्यासाठी कर्ज काढू नये.

तेव्हा मुलीला सांगा, "तुला जी नोकरी हवी, तिच्या पाच जाहिराती आण. आपण दोघी मिळून वाचू. तिथं काय शिक्षण मागितलंय ते बघू." पाचपैकी चार जाहिरातींत तीच पदवी मागितली असेल, तर पुढं जाऊ. मागितलीच नसेल, तर चर्चा तिथंच बदलते.

दुसरा प्रश्न: खर्च खरा किती?

कॉलेज फी सांगतं. पण फी म्हणजे सगळा खर्च नव्हे. खोलीचं भाडं आणि अनामत, मेस, पुस्तकं, लॅपटॉप, परीक्षा फी, एसटीचं जाणं-येणं, हे सगळं दोन वर्षांचं मांडा. आणि एक खर्च कुणीच मांडत नाही, तो म्हणजे दोन वर्षं न मिळालेला पगार. त्या ताईच्या मुलीला पतसंस्थेत महिना १२,००० मिळणार होते. दोन वर्षांचे झाले २ लाख ८८ हजार. एमबीएची खरी किंमत चार लाख नाही, जवळजवळ सात लाख आहे. शेत एक वर्ष पडीक ठेवलं, तर त्या वर्षाचं पीकही आपण तोट्यात धरतो की नाही? तसंच हे.

तिसरा प्रश्न: चार लाखांचे होतात किती?

आपल्याला शेकड्याचा हिशेब कळतो. गटात आपण शेकडा दोननं कर्ज देतो, म्हणजे वर्षाला २४ टक्के. बँकेचं शैक्षणिक कर्ज त्यापेक्षा खूप स्वस्त असतं. आपण हिशेबासाठी वर्षाला १० टक्के धरू. बँकेप्रमाणे दर कमी-जास्त असतो आणि काही बँका मुलींना थोडी सवलत देतात, तेही विचारा.

शिकत असताना आणि शिक्षण संपल्यावर साधारण एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. त्यामुळं वाटतं, तीन वर्षं निवांत. पण हप्ता थांबला म्हणून व्याज थांबत नाही. पहिल्या वर्षी २ लाख घेतले, दुसऱ्या वर्षी २ लाख घेतले असं धरू. पहिल्या २ लाखांवर तीन वर्षांचं सरळ व्याज ६०,००० झालं. दुसऱ्या २ लाखांवर दोन वर्षांचं ४०,००० झालं. म्हणजे पहिला हप्ता सुरू होईपर्यंत चार लाखांचे पाच लाख झालेले असतात.

आता हे पाच लाख फेडायचे. सात वर्षांत फेडले तर महिन्याचा हप्ता साधारण ८,३०० रुपये आणि एकूण भरणा जवळपास ७ लाख. दहा वर्षांत फेडले तर हप्ता ६,६०० आणि एकूण भरणा ७ लाख ९३ हजार. पंधरा वर्षं घेतली तर हप्ता ५,४०० च्या आत येतो, पण एकूण भरणा ९ लाख ६७ हजारांवर जातो. बँकेत हप्ता कमी ऐकून बरं वाटतं. पण हप्ता लहान म्हणजे मुदत लांब, आणि मुदत लांब म्हणजे व्याज जास्त.

यावर एक उपाय आहे. शिकत असतानाच नुसतं व्याज भरत जायचं. वरच्या हिशेबात पहिल्या वर्षी महिना साधारण १,६७० आणि नंतर ३,३३० रुपये होतात. हे जमलं तर कर्ज चार लाखांवरच राहतं आणि सात वर्षांचा हप्ता ८,३०० वरून ६,६४० वर येतो. असं व्याज वेळेवर भरणाऱ्याला बऱ्याच बँका दरात एक टक्का सूटही देतात.

चौथा प्रश्न: पगारातला फरक हप्त्याला पुरतो का?

इथं आपण सगळ्यात जास्त फसतो. कॉलेजवाले सांगतात, "आमच्या मुलांना सरासरी अमुक पगार मिळतो." सरासरी म्हणजे काय ते बघा. दहा मुली पास झाल्या. नऊ जणींना १५,००० मिळाले आणि एकीला एक लाख मिळाले. सरासरी निघते २३,५००. पण २३,५०० मिळालेली मुलगी त्यात एकही नाही! म्हणून सरासरी विचारू नका. विचारा, "पगाराप्रमाणे मुलांना ओळीनं उभं केलं, तर मधल्या मुलाला किती मिळतात?" आणि विचारा, "साठ जणांनी प्रवेश घेतला, त्यातल्या किती जणांना काम लागलं?" मागच्या वर्षी पास झालेल्या दोन-तीन मुलींचे नंबर मिळवा आणि मुलीला त्यांच्याशी बोलू द्या. कॉलेजच्या रंगीत पुस्तकापेक्षा ते बोलणं जास्त उपयोगाचं.

'पॅकेज' हा शब्दही नीट ऐका. तीन लाखांचं पॅकेज म्हणजे महिना २५,०००, पण भविष्य निर्वाह निधी वगैरे कापून हातात त्याहून कमी येतात.

त्या ताईच्या मुलीनं चौकशी केली. ज्या खाजगी कॉलेजात प्रवेश मिळत होता, तिथल्या मधल्या मुलाला हातात साधारण २०,००० मिळत होते. आम्ही वहीवर मांडलं. २०,००० मधून हप्ता ८,३०० गेला. पुण्यात खोली आणि जेवण धरून ८,००० गेले. उरले ३,७००. आणि गावात राहून, घरचं खाऊन, कर्जाशिवाय मिळत होते १२,०००. ताई त्या दोन आकड्यांकडं बराच वेळ बघत राहिली. मुलगीही गप्प झाली.

मग मुलगी म्हणाली, "पण पगार वाढेल की!" तिचं बरोबर आहे. हप्ता तोच राहतो आणि पगार वाढत जातो, त्यामुळं पहिली दोन-तीन वर्षं सगळ्यात अवघड असतात. पण त्याच वर्षांत नोकरी सुटणं, आजारपण, लग्न, बाळंतपण येऊ शकतं. म्हणून आम्ही एक साधा अंदाज धरतो: हप्ता पहिल्या पगाराच्या चौथ्या हिश्श्याच्या आत असावा. वीस हजार पगार असेल तर हप्ता पाच हजार. त्यापेक्षा जास्त होत असेल, तर शिक्षण सोडायचं नाही, कर्ज लहान करायचा मार्ग शोधायचा.

कर्ज लहान कसं करायचं?

पहिला मार्ग फी माफीचा. २०२४-२५ या वर्षापासून महाराष्ट्रात व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक आणि शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या मुलींना हे लागू आहे. पण एक मोठी अट आहे. प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतून, म्हणजे कॅप राउंडमधून, झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातल्या प्रवेशाला आणि खाजगी विद्यापीठांना ही माफी नाही. गावात कुणी एजंट येऊन म्हणाला, "प्रवेश परीक्षा कशाला, मी सीट मिळवून देतो," तर समजा की तो तुमची फी माफी घालवतोय.

अनुसूचित जाती-जमातीच्या मुलींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, आणि इतर काही विद्यार्थ्यांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर भरायचे असतात. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, अधिवास, बँक खात्याला जोडलेलं आधार, हे कागद प्रवेशाच्या आधीच तयार ठेवा. तारीख चुकली की वर्ष गेलं.

दुसरा मार्ग व्याज माफीचा. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला साडेचार लाखांच्या आत असेल, तर केंद्र सरकारच्या व्याज अनुदान योजनेत शिक्षणाच्या काळातलं आणि त्यानंतरच्या एका वर्षाचं व्याज सरकार भरतं. आपल्या हिशेबातले ते एक लाख रुपये वाचतात. पण हे मान्यताप्राप्त संस्थेतल्या तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. आयुष्यात एकदाच मिळतं, मग ते पदवीला घ्या नाहीतर पदव्युत्तरला. आणि शिक्षण मध्येच सोडलं तर अनुदान बंद होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी योजनाही मंजूर झाली. त्यात देशातल्या निवडक चांगल्या संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्यांना तारणाशिवाय, जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत आहे. मुलीचं कॉलेज यादीत आहे का, ते पोर्टलवर बघता येतं.

तिसरा मार्ग, नोकरी करत शिकण्याचा. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून हेच काम करतंय. इग्नू आहे. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते. प्रवेश घेण्याआधी त्या अभ्यासक्रमाला यूजीसीची मान्यता आहे, एवढं तपासा. इथं फी कमी, पगार सुरू, खोलीभाडं नाही. घरचं काम आणि नोकरी सांभाळून अभ्यास करणं सोपं नाही, हेही खरं. त्या मुलीला रोज दोन तास कुणी स्वयंपाकघरात बोलावणार नाही, एवढं घरानं ठरवावं लागेल.

चौथा मार्ग जुनाच आहे, 'कमवा आणि शिका'. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयतेच्या पोरांना याच वाटेनं शिकवलं. वसतिगृहातली पोरं उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. आजही पुणे विद्यापीठासारख्या ठिकाणी ही योजना चालते. प्रवेश घेताना कॉलेजात विचारा.

सही करण्याआधी

आता कागदाकडं येऊ. शैक्षणिक कर्जात आई किंवा वडील सहकर्जदार असतात. सहकर्जदार म्हणजे साक्षीदार नव्हे. मुलीनं भरलं नाही तर भरायची जबाबदारी आपली. हप्ते थकले तर सिबिल मुलीचं बिघडतं तसं आपलंही बिघडतं, आणि पुढं शेळीसाठी, दुकानासाठी, पिकासाठी कर्ज मागायला गेलं की अडतं.

जमिनीबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेनं तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जासाठी केंद्र सरकारचा पत हमी निधी आहे. कर्ज त्यात बसलं तर तारण आणि तिसरा जामीनदार लागत नाही. म्हणून चार लाखांसाठी कुणी सातबारा मागितला, तर "तारण का लागतं ते लिहून द्या" असं नम्रपणे म्हणा, दुसऱ्या बँकेत जा, आणि विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करा.

बँकेत हे विचारून वहीत लिहून घ्या:
– व्याजदर किती, आणि तो बदलता आहे का?
– पहिला हप्ता कोणत्या महिन्यात, किती रुपयांचा?
– व्याज अनुदानाला हे कर्ज बसतं का?
– कर्जाचा विमा आहे का, त्याचे पैसे कर्जातच धरलेत का?
– मुदतीआधी फेडलं तर दंड आहे का?
– नोकरी लागायला उशीर झाला तर काय?

बँकेचं कर्ज मिळेना म्हणून सावकाराकडं किंवा मायक्रोफायनान्सकडं जाऊन फी भरू नका. शेकडा तीननं चार लाखांचं महिन्याचं नुसतं व्याजच १२,००० होतं. नोकरी लागायच्या आधीच घर बुडतं. गटाचं कर्जही फीसाठी नको. ते लवकर फेडायचं असतं, आणि पदवीचं फळ उशिरा येतं.

पैशापलीकडचं

हिशेब झाला, पण सगळं काही हिशेबात बसत नाही. शिकलेल्या मुलीला मान मिळतो, ती घरात बोलते, संकटात स्वतःच्या पायावर उभी राहते. याची किंमत आहेच. पण डोक्यावर न फिटणारं कर्ज असलेल्या मुलीला तो मान राहत नाही, आवडत नसलेली नोकरीही सोडता येत नाही. म्हणून तर हिशेब करायचा.

लग्नाचं आताच बोलून ठेवा. कर्ज मुलीच्या नावावर आहे, ते लग्नानंतरही ती स्वतःच्या पगारातून फेडणार आहे, आणि म्हणून तिची नोकरी चालू राहणार आहे, हे सोयरिकीच्या बैठकीतच उघड सांगा. लपवलेलं कर्ज सासरी टोमण्याचं कारण होतं.

आणि मुलाच्या वेळीही असाच हिशेब मांडा. पोराच्या शिक्षणाला जमीन गहाण टाकताना कुणी पाटी-पेन्सिल घेत नाही, आणि पोरीच्या वेळी मात्र पैशापैशाचा हिशेब निघतो. नियम दोघांना एकच ठेवा.

त्या ताईच्या घरी काय झालं ते सांगते. मुलीनं पतसंस्थेची नोकरी धरली आणि वर्षभर सकाळ-संध्याकाळ सीईटीचा अभ्यास केला. कॅप राउंडमधून सरकारी कॉलेजात नंबर लागला. फी माफ झाली. राहण्या-जेवण्यासाठी दीड लाखाचं कर्ज घेतलं, ते व्याज अनुदानात बसलं. पाच वर्षांत फेडायचं म्हटलं तर हप्ता येईल साधारण ३,२०० रुपये. ताईनं सही केली. मला म्हणाली, "आधी भीती वाटत होती, कारण आकडाच माहीत नव्हता. आता काय भरायचंय ते कळलं, मग सही करायला हात थरथरला नाही."

येत्या बैठकीत एक करा. गटात ज्यांची मुलं-मुली पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहेत, त्यांची नावं काढा. मुलांनाही बैठकीला बोलवा. फळ्यावर चार रकाने आखा: कोणतं दार, खरा खर्च, हप्ता, पगारातला फरक. आकडे त्यांनाच भरू द्या. जिथं आकडा माहीत नसेल तिथं जागा रिकामी ठेवा, आणि ती भरल्याशिवाय कुणी सही करू नका.